परसदारची दगडी पाऊलवाट

वाशीम जिल्ह्याच्या मालेगांव तालुक्यांतील किन्हीराजा हें गांव नागपुराहून कारंजा व शेलूबाजार यांवरून मालेगांव-मेहकराकडे जाणाऱ्या जुन्या हमरस्त्यावर वसलेलें आहे. १ जुलै १९९८ रोजीं वाशीम जिल्हा वेगळा निघेपर्यंत तें अकोला जिल्ह्यांत मोडे. समृद्धि महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाल्यापासून लांब पल्ल्याचीं पुष्कळशीं वाहनें तिकडून जातात, आणि जुन्या रस्त्यानें येणाऱ्याला आजूबाजूस पाहावयास थोडी उसंत मिळते. येथें पाहण्यासारखें काय आहे, असें कोणी विचारील. शिरपूरचें अंतरिक्ष पार्श्वनाथांचें जैन मंदिर याच तालुक्यांत आहे, लोणारचें सरोवर शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यांत आहे. प्रवासी त्या ठिकाणांसाठीं येतात आणि किन्हीराजा मागें टाकून पुढें जातात. मला मात्र गेल्या श्रावणांत एका आप्तांच्या घरीं तेथें चार दिवस राहण्याचा योग आला. त्या चार दिवसांत पुनःपुन्हां पाहावेसे वाटले ते घराच्या मागच्या दारापासून विहिरीपर्यंत मांडलेले एकोणीस दगड. त्यांविषयीं येथें लिहावयाचें आहे.

वऱ्हाडच्या जुन्या वहिवाटींत गांवच्या जमिनीचे दोन भाग मानीत, काळी आणि पांढरी. काळी ती पिकाची, पांढरी ती वस्तीची. भिंती आणि धाबीं पांढऱ्या मातीचीं. ती पाणी बेतानें पिते व बसल्या जागीं स्थिर राहते. पुढें गांवें वाढलीं, घरें मागें सरकलीं, आणि पुष्कळ घरांचें पुढचें अंगण पांढरींत तर परस काळींत, अशी स्थिति झाली. आमच्या आप्तांचें घर याच जातीचें आहे. पुढच्या ओट्यावर बसून चहा घेणाऱ्या पाहुण्याला चिखल म्हणजे काय हें कळावयाचें नाहीं. मागच्या दाराचा उंबरा ओलांडणाऱ्याला तें पहिल्याच पावलाला कळतें.

ही काळी माती मोठी विलक्षण आहे. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं दख्खनच्या पठारावर लाव्हारसाचे थरावर थर पसरले. त्यांचा जो काळा कातळ झाला, तो ऊन-पावसानें झिजून ही माती तयार झाली. तिच्यांत माँटमोरिलोनाइट नांवाचें एक खनिज असतें. त्याची रचना पातळ पापुद्र्यांची. त्या पापुद्र्यांमध्यें पाणी शिरलें कीं माती फुगते, आणि पाणी आटलें कीं आखडते. वैशाखांत जिच्या भेगांत मनगटापर्यंत हात जावा, तीच माती श्रावणांत पायांतली वहाण ओढून ठेवते. शेतकऱ्याला ती सोन्यासारखी आहे. कापूस, तूर आणि अलीकडे सोयाबीन हीं पिकें तिच्या ओलीवर उभीं आहेत. चालणाऱ्याची गोष्ट निराळी. चिखल घोट्यापर्यंत असला तरी पुरवतो, पाय रुतेल पण माणूस उभें राहील. खरें भय पहिल्या सरीनंतरच्या पातळ राबडीचें. वर बोटभर ओलें आणि खालीं टणक, अशा जमिनीवर तरणाबांड गडीहि उताणा पडतो.

आणि दुर्दैवानें परसांतली सर्वांत अधिक ये-जा नेमकी याच दिवसांत असते. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत चातुर्मास. कोणाचा तुळशीला रोज प्रदक्षिणा घालण्याचा नेम, कोणाचा पहाटे विहिरीवर स्नान करण्याचा. श्रावणांत मंगळवारीं मंगळागौरीची पत्री, शनिवारीं मारुतीला रुईचीं पानें, भाद्रपदांत गणपतीच्या एकवीस दूर्वा. व्रतांची वाटणी ज्या कोणीं केली त्यानें परसांतल्या चिखलाचा विचार केला नव्हता, किंवा केला असल्यास घरांतल्या बायकांच्या तोलावर त्याचा फार भरंवसा असला पाहिजे. पुरुष पुढच्या दारानें जातात. मागच्या दाराची वाट ही अजूनहि, मोठ्या पगाराच्या घरांतसुद्धां, बायकांची, मुलांची आणि म्हाताऱ्या माणसांची आहे.

या घरांतील आजीबाई ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. गेल्या वर्षीं आषाढांत तुळशीला पाणी घालावयास जातांना त्या घसरून पडल्या. खुब्याचें हाड वांचलें, मनगटावर निभावलें. परंतु दीड महिना हात गळ्यांत होता आणि तेवढे दिवस तुळशीकडे दुरूनच हात जोडावे लागले. म्हाताऱ्या माणसाचें पडणें ही एकत्र कुटुंबांत एकट्याची गोष्ट राहत नाहीं. पुण्यास नोकरीवर असलेल्या थोरल्या नातवाचा त्याच रात्रीं फोन आला: सगळ्या परसाला सिमेंटाचा कोबा करून टाका, पैसे मी पाठवितों. घरीं शेती पाहणाऱ्या धाकट्याला तें पटलें. आजीबाईंना मात्र पटलें नाहीं. पडल्या त्या स्वतः, मनगट मोडलें तें त्यांचें, पण कोब्याचें नांव निघतांच त्या म्हणाल्या, “अरे बापा, मंग पावसाचं पाणी मुरन कुठं?”

प्रश्न खरा होता. विहीर परसाच्या दुसऱ्या टोंकाला आहे, आणि फाल्गुन सरतां सरतां तिचा तळ दिसूं लागतो हा घरांतल्या सर्वांचा अनुभव. छपराचें आणि परसाचें जें पाणी आज जमिनींत जिरतें, तें कोब्यावरून वाहून शेजारच्या गल्लींत जाणार, नाहीं तर घराच्याच पायांत शिरणार. काळ्या मातीच्या जागीं दुसरी अडचण अशी कीं, कोब्याखालची माती सगळीकडे सारखी फुगत नाहीं. कडेला पाणी लागतें तेथें ती उचलते, मधें कोरडी राहते. दोनतीन पावसाळ्यांत कोब्याला तडे जातात, एक तुकडा वर येतो, एक खालीं जातो, आणि ज्या माणसाला घसरण्यापासून वांचवावयाचें तें आतां ठेंच लागून पडतें. यावर इलाज नाहीं असें नाहीं. मुंबईच्या आय. आय. टी. मधील प्राध्यापक आर. के. कट्टी यांनीं काळ्या मातीवरील बांधकामाखालीं न फुगणाऱ्या मातीचा जाड थर घालण्याची पद्धति अभ्यासपूर्वक मांडली, व कालव्यांच्या अस्तरासाठीं तिचा उपयोग झाला. परंतु कालव्याचा खर्च परसावर कोण करणार? शिवाय वैशाखांत येथें पारा चाळीस अंशांच्या वर जातो. तापलेल्या कोब्यावरून दुपारीं अनवाणी वाळवणाकडे धांवावयाचें म्हणजे एक शिक्षाच.

सुटे दगड मांडण्याची कल्पना घरच्या सुनेची. तिचें माहेर कोंकणांतलें. तिकडे घरापासून आगरांत आणि आगरांतून व्हाळाकडे जाणाऱ्या जांभ्या दगडाच्या पाखाड्या तिनें लहानपणापासून तुडविलेल्या. येथें जांभा नाहीं आणि डोंगरउतारहि नाहीं, तेव्हां पाखाडी व्हावयाची नाहीं. पण सपाट जमिनीवर पावलागणिक एक दगड मांडतां येईल, असें तिनें सुचविलें. अशी वाट फुगणाऱ्या मातीला चांगली मानवते, याचें कारण साधें आहे. कोबा एकसंध असतो म्हणून फुटतो. सुटा दगड मातीबरोबर केंसभर वर जातो, केंसभर खालीं येतो. शेजारच्या दगडाला त्याची खबरहि नसते. एखादा फारच कलला तर पहारीनें उचलावा, खालचा मुरूम सारखा करावा आणि पुन्हां ठेवावा. मधल्या फटींतून पाणी मुरतें तें मुरतेंच.

अशा दगडांना आपल्याकडे एकच ठराविक नांव नाहीं. मी त्यांना टप्प्याचे दगड म्हणतों. वऱ्हाडांत कोणताहि दगड हा गोटाच असल्यामुळें किन्हीराजाच्या मुलांनीं त्यांना नुसतें ‘गोटे’ म्हटलें. नांव नसलें तरी वस्तु जुनी आहे. इसवी सन ७९ मध्यें व्हेसुव्हियसच्या राखेखालीं गाडलें गेलेलें इटलींतील पाँपेई शहर उकरून काढलें, तेव्हां तेथील रस्त्यांत आडवे मांडलेले असे उंच दगड सांपडले. रस्त्यांतून घाण पाणी वाहे. पादचाऱ्यानें दगडांवरून पलीकडे जावें आणि गाडीचीं चाकें दोन दगडांमधल्या फटींतून जावींत, अशी योजना होती. जपानांत या गोष्टीची कला झाली. तेथील चहापानाच्या छोट्या घराकडे नेणाऱ्या बागेंत ‘तोबी-इशी’ मांडतात. पाहुण्याच्या पायांना चिखल लागूं नये आणि शेवाळ तुडविलें जाऊं नये, हा मूळ हेतु. सेन नो रिक्यू (१५२२-१५९१) हा चहाविधीचा थोर आचार्य. त्याच्याविषयीं अशी परंपरा सांगतात कीं, दगड मांडतांना तो सहा हिस्से चालण्याच्या सोयीला देई व चार हिस्से शोभेला. त्याचा शिष्य फुरुता ओरिबे यानें तें प्रमाण उलटें केलें. आपल्या शहरांतल्या नव्या बंगल्यांपुढें हिरवळीवर जे गुळगुळीत दगड पेरलेले दिसतात, ते पाहिले म्हणजे ओरिबेचाहि पुढें कोणी शिष्य निघाला आणि त्यानें दहाचे दहा हिस्से शोभेला दिले असें वाटतें. त्यांवरून कोणी चालत नाहीं. माळीहि शेजारून जातो.

किन्हीराजाला चालण्याचाच प्रश्न होता, म्हणून वाद पहिल्या दिवशीं मापावरून झाला. दगडकाम करणारा वडार मिस्त्री आला, त्यानें दोरी ताणली आणि दर दोन फुटांवर खुंटी मारली. पुरुषाच्या मोकळ्या चालीचें माप तेवढें असतें, त्यांत त्याची चूक नव्हती. ओट्यावर बसलेल्या मंडळींनींहि तें मान्य केलें. विशेष हें कीं, त्यांपैकीं एकानेंहि गेल्या दहा वर्षांत विहिरीवरून पाण्याची घागर आणलेली नव्हती. विहिरीवर विजेचा पंप आहे खरा. तरी पूजेचें पाणी सून हातानेंच शेंदते, आणि वीज गेली म्हणजे सगळेंच पाणी शेंदावें लागतें. तिनें खुंट्या पाहिल्या, कांहीं बोलली नाहीं, विहिरीवरून भरली घागर कडेवर घेतली आणि नेहमींच्या चालीनें घराकडे चालत आली. मागून पुतणी रांगोळीची वाटी घेऊन, काकूच्या प्रत्येक टांचेपाशीं एक चिमूट टाकीत आली. मोजून पाहिलें तों अंतर निघालें एक हात चार अंगुळें. जुन्या मापानें हात म्हणजे चोवीस अंगुळें, सुमारें दीड फूट. तेव्हां हें अंतर भरलें एकवीस इंच. दोन फुटांच्या खुंट्यांवर भरल्या घागरीनिशीं तिला दर पावलाला उडीच मारावी लागली असती.

मग आजीबाईंची पाळी. त्यांनीं काठी घेतली, मागच्या दारांतून तुळशीपर्यंत गेल्या. त्यांचें पाऊल हातभर देखील पडेना. आतां एकाच वाटेवर दोन मापें कशीं बसवावींत? तोड निघाली ती मला फार शहाणपणाची वाटली. आजीबाई तुळशीपुढें जात नाहींत. म्हणून दारापासून तुळशीपर्यंत सात दगड, मध्यापासून मध्यापर्यंत हातभर अंतरावर, आणि दगड स्वतः वीसवीस अंगुळें रुंद. मधें चार अंगुळांची फट काय ती राहते. पाऊल कितीहि आंखूड पडो, पडेल तें दगडावरच. तुळशीपासून विहिरीपर्यंत बारा दगड, सुनेच्या मापानें, एक हात चार अंगुळांवर. पहिला भाग साडेदहा फूट, दुसरा एकवीस फूट. वाट वळते तेथें एक थोरला दगड घातला आहे, कारण वळतांना माणूस दोन्ही पाय क्षणभर एकत्र आणतें. वृंदावनाभोंवतीं प्रदक्षिणेसाठीं फरशीचा पट्टा निराळा. तो या हिशेबांत धरलेला नाहीं.

मापाचा विचार करतांना आणखी एक गोष्ट सुचते. आमच्या आज्या-पणज्या नऊवारी लुगड्याचा कासोटा घालीत. त्यांत पाय मोकळा राहतो व पाऊल लांब पडतें. पुढें गोल पांचवारी पातळ आलें. त्याच्या घेरानें पावलाला मर्यादा घातली. आतांच्या मुली सलवार घालतात आणि पुन्हां मोकळ्या चालतात. जुन्या वाड्यांच्या परसांतल्या पायऱ्या व टप्पे पुष्कळदां अडनिड्या अंतरावर वाटतात. ज्या पिढीच्या पायानें ते मांडले गेले तिचा पेहराव लक्षांत घेतला म्हणजे त्यांतले कांहीं तरी नीट वाटूं लागतील.

दगड कोणता घ्यावा, यांत फार घोळ घालण्याचें कारण नाहीं. जवळ मिळतो तो घ्यावा. येथें काळा कातळ मुबलक. त्याची फाडलेली, चार अंगुळें जाड फाडी घेतली. गोल पाठीचा धोंडा कामाचा नाहीं, पाय त्यावर ठरत नाहीं. शहाबादी, कोटा, कडप्पा या फरश्या आतां सर्वत्र मिळतात व स्वस्तहि पडतात. घरांत त्या उत्तम. परसांत, विशेषतः न्हाणीच्या व धुण्याच्या जागेजवळ, घासून चकचकीत केलेली फरशी साबणाच्या पाण्यानें कशी होते हें सांगावयास नको. खडबडीत पाठीची घ्यावी, किंवा टाकी लावून घ्यावी. जात्याला टाकी लावणारे वडार पूर्वीं गल्लोगल्लीं फिरत. त्यांच्या छिन्नी-हातोड्याचा तो टक-टक आवाज आतां क्वचित् ऐकूं येतो, पण हात अजून गेलेला नाहीं. या मिस्त्रीनें प्रत्येक दगडाच्या पाठीवर तिरप्या रेघांचे बारीक घाव घातले. पांचसात वर्षांनीं झिजून गुळगुळीत झाले कीं पुन्हां घालावे लागतील.

पहिल्या दिवशीं दगड जमवितांना मिस्त्रीची नजर गोठ्याच्या भिंतीशीं पडलेल्या जुन्या जात्याच्या तळीकडे गेली. वाटोळी, सपाट, जड, पूर्वीं टाकी लागलेली. याहून चांगला टप्पा कोठें मिळणार? धाकट्यानें ती उचलावयास सांगितली. आजीबाईंनीं नुसतें पाहिलें आणि कोणी हात लावला नाहीं. शहरांतल्या बागांतून जात्याच्या तळ्या पायांखालीं घातलेल्या मीं पाहिल्या आहेत, आणि त्या दिसतात सुंदर, हें नाकबूल करतां येत नाहीं. तरी ज्या दगडानें एका घराला तीन पिढ्या पीठ दिलें, ज्यावर लग्नाच्या हळदी दळल्या गेल्या, त्यावर पाय देण्यास आजीबाईंचें मन घेत नसेल तर तो हट्ट म्हणूं नये. त्यांची सून याबाबत थोडी निराळ्या मताची आहे. पडून राहण्यापेक्षां घरच्याच माणसांच्या पायांखालीं येणें वाईट कसें, असें ती मला हळूच म्हणाली. सासूबाईंना म्हणाली नाहीं.

कोरींव दगडाविषयीं मात्र दोन मतें असूं नयेत. या सबंध प्रदेशांत जुन्या हेमाडपंती देवळांचे अवशेष विखुरलेले आहेत. कोठें खांबाचा तुकडा, कोठें नक्षीची पट्टी, कोठें झिजलेला वीरगळ. असे दगड परसाच्या कामाला सोयीचे दिसतात म्हणून उचलून आणणें सर्वथा अयोग्य होय. शंभर वर्षांहून जुनें शिल्प १९७२ च्या कायद्यानें पुरावस्तु ठरतें, ही गोष्ट तर आहेच. पण त्याहि आधीं, ज्या दगडापुढें कोणी एकेकाळीं दिवा लावला तो कोणाच्या पायांखालीं जाऊं नये, एवढें समजण्यास कायदा लागत नाहीं.

दगड बसविण्याची रीत थोडक्यांत सांगतों, कारण सगळी मेख तींत आहे. दगडाच्या आकाराहून चार बोटें मोठा आणि वीतभर खोल खड्डा घ्यावयाचा. निघालेली काळी माती टाकून द्यावयाची नाहीं, फुलझाडांच्या आळ्यांत घालावयाची. खड्ड्यांत मुरूम भरून, पाणी शिंपडून धुम्मसानें ठोकावयाचा. मुरूम फुगत नाहीं व पाणी खालीं जाऊं देतो. त्यावर दोन बोटें वाळू, वाळूवर दगड. दगडाची पाठ जमिनीच्या वर बोटभर राहावी. त्याहून खालीं गेली तर चिखल वर चढतो, फार वर राहिली तर अंगठा ठेंचाळतो. पाठीला अगदीं थोडा, डोळ्याला न दिसणारा उतार द्यावा, म्हणजे पाणी सांचत नाहीं. नंतर दगडाच्या चारी कोपऱ्यांवर आळीपाळीनें उभें राहून पाहावें. डुगडुगला तर काढून वाळू सारखी करावी. खालीं चिपा ठोकून वेळ मारून नेऊं नये.

चिपा ठोकूं नये याचें दुसरें कारण अधिक गंभीर आहे. दगडाखालीं पोकळी राहिली कीं विंचवाला आयतें घर मिळतें. पावसाच्या दिवसांत पाणी बिळांत शिरतें आणि विंचू कोरड्या फटींकडे येतात, हें खेड्यांतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आपल्याकडचा लाल विंचू चावला असतां विषाचा परिणाम हृदयावर व फुफ्फुसांवर होतो, आणि लहान मुलें त्यानें दगावत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं ‘प्राझोसिन’ हें औषध अशा रोग्यांवर वापरून त्यांचे प्राण वांचवितां येतात हें दाखविलें. १९८६ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत त्यांचें संशोधन प्रसिद्ध झालें. तालुक्याच्या ठिकाणीं बसून जगाला उपयोगी पडेल असें काम कसें होतें, त्याचें हें उदाहरण आमच्या मुलांना सांगण्यासारखें आहे. औषध आहे म्हणून पोकळी ठेवावी असें मात्र नाहीं. मिस्त्रीनें प्रत्येक दगडावर हातोडीची मूठ आपटून आवाज घेतला. दोन दगड पोकळ वाजले, ते उचलून पुन्हां बसविले. विंचू चावलाच तर मंत्र-तंत्रांत वेळ न दवडतां रोग्यास ताबडतोब इस्पितळांत न्यावें, हें येथें सांगून ठेवतों.

फटींत काय लावावें, असा प्रश्न मुलांनीं विचारला. उत्तर लावण्याआधींच उगवलें होतें. हरळीनें आपण होऊन जागा धरली होती, आणि गणपतीच्या दूर्वा आतां चिखलांत न उतरतां दगडावर बसून खुडतां येतात. तुळशीकडच्या बाजूला आघाडा आला आहे, विहिरीच्या थारोळ्याजवळ सुनेनें पुदिना लावला आहे. मी तेथें होतों त्या मंगळवारीं शेजारच्या नवविवाहित मुलीची मंगळागौर होती. पहाटे साडेपांचाला, पाऊस भुरभुरत असतांना, पांचसहा मुली त्या एकोणीस दगडांवरून पुढें-मागें करीत पत्री गोळा करीत होत्या. एकमेकींना वाट देण्यासाठीं एका दगडावर दोघी उभ्या राहत आणि हंसत. पूर्वीं त्यांच्या आयांना याच कामासाठीं पातळें गुडघ्यापर्यंत खोंचावीं लागत व परत आल्यावर पाय धुण्यास बादलीभर पाणी लागे. जपानी बागेंत पाहुण्यानें एखाद्या बाजूस जाऊं नये असें वाटलें म्हणजे तेथल्या दगडावर दोरीनें बांधलेला लहानसा गोटा ठेवतात. पाहुणा समजतो आणि वळतो. या घरीं तें काम आजीबाईंची हांक करते. सून सोंवळ्यांत पाणी घेऊन निघाली कीं दारांतून आवाज येतो, आणि एकोणीसहि दगड क्षणांत मोकळे होतात.

पुण्याच्या नातवाला छायाचित्रें पाठविलीं. त्याचें समाधान अर्धेंच झालें. पावसांत कोठें तरी दगडावर शेवाळ धरणारच, असें त्याचें म्हणणें, आणि तें खरें आहे. उत्तरेच्या भिंतीच्या सांवलींत असलेल्या तीन दगडांवर हिरवी छटा मींहि पाहिली. त्यावर उपाय एकच, आठवड्यांतून एकदां वाळू टाकून खराट्यानें घासणें. आजीबाईंच्या सात दगडांचें घासणें पुतणीकडे आहे. बाकीच्यांचें कोणाकडे, हें अजून ठरावयाचें आहे. नातवाच्या पैशांतून आतां दारापासून तुळशीपर्यंत एका बाजूस लोखंडी नळीचा कठडा व्हावयाचा आहे. त्याला आजीबाईंनीं हरकत घेतली नाहीं. कठडा गंजला तर ओले कपडे घालतां येणार नाहींत, तेवढा चांगला रंग द्या, असें सांगितलें.

मी निघालों त्या दिवशीं रात्रभर पाऊस पडून गेला होता. विहिरीकडचा अकरावा दगड पूर्वेकडे अर्धा बोट कलला होता. तेथें जुन्या उकिरड्याची माती पोकळ असावी, असें धाकट्याचें मत पडलें. मिस्त्री दसऱ्यानंतर, जमीन वाळूं लागली कीं, येऊन तो सारखा करणार आहे. जात्याची तळी गोठ्याच्या भिंतीशीं होती तेथेंच आहे. सुनेनें तिच्या खुंट्याच्या भोंकांत चमचाभर माती घालून सदाफुलीचें रोप लावलें आहे, आणि त्याबद्दल सासूबाईंनीं अद्याप कांहीं म्हटलेलें नाहीं.